दगडाची खालची बाजू

छावणी, छत्रपती संभाजीनगर
१८ फेब्रुवारी २०२५

प्रिय प्रेरणा,

चार महिन्यांत तुला दोन ओळी लिहिल्या नाहीत, फोनही टाळले. माफ कर. तिकडं दौलताबादला तुझ्या आईंचा गुडघा आता वाकतो का? इथं कॉलेज सुरू आहे.

मागच्या आठवड्यात वर्गात अ‍ॅझ्टेक शिल्पं शिकवली. मेक्सिकोतले ते लोक पृथ्वीदेवता मूर्तीच्या तळाला कोरत, जमिनीला टेकणाऱ्या बाजूला. बाळंत होणाऱ्या बाईसारखी बसलेली, मेलेल्यांना गिळायला तोंड उघडलेली. कुणाला दिसायची नाही, तरी नख न् नख कोरलेलं. श्रेया नावाची मुलगी म्हणाली, "सर, कोरं ठेवलं असतं तर कुणाला कळणार होतं?" मुलं हसली. मला पुढं शिकवता आलं नाही.

बद्रीनाथदादा करमाडच्या शेतात शेततळं खोदतोय. निंबाखालचा आपल्या लेकीवरचा दगड रविवारी हलवणार. तू त्याला कळवलंस म्हणे, "मी येते, एकदा तरी तिचं तोंड बघीन."

सहा वर्षांपूर्वी मीच तुला सांगितलं होतं, की त्या लोकांसारखा मीही आपल्या लेकीचा चेहरा दगडाच्या खालच्या बाजूला कोरलाय, खाली पुरलेल्या तिच्याकडं तोंड करून.

काल छिन्नी घेऊन गेलो. दादानं पहार घालून दगड तिरपा केला. खाली पांढरी मुळं आणि मुंग्या.

"कोरं हाय की रं हे."

"व्हय."

"आन प्रेरणा दरसाल यावर हात टेकून बसती. किती येळ धरू? कोरायचं तर कोर लवकर."

"काय कोरू दादा? मी तोंड पाहिलंच नाही."

त्यानं दगड खाली टेकवला आणि पाण्याची मोटार बंद करायला गेला.

बाळंतपणानंतर तू बेशुद्ध होतीस. नर्सनं दुपटं बाजूला केलं, तेव्हा मी भिंतीवरचं लसीकरणाचं वेळापत्रक वाचत राहिलो, शेवटच्या ओळीपर्यंत. पुरताना दादानंही दुपटं उघडलं नाही. शुद्धीवर आल्यावर तू विचारलंस, कोणासारखी होती? मी म्हणालो, तुझ्यासारखी.

आपल्यापैकी कुणीच तिला पाहिलेलं नाही, प्रेरणा.

हे तुझ्यासाठी लिहितोय, की रविवारी उघडा पडेन म्हणून, ते मला ठरवता येत नाही. लिहून हलकंही वाटत नाही.

तुझा म्हणावं की नाही, ते तूच ठरव.

सुदर्शन

उद्या: हे पत्र पोस्टात न टाकता दौलताबादला जाऊन हातात देणे.