शिखरावरचं संत्रं

शिवमच्या बाबांना,

तुम्ही बागेत आहात तोवर लिहिते. हे तुम्हाला देणार नाही.

उत्तराखंडातल्या शिखरावरचा तुमचा फोटो साऱ्या वरूडनं पाहिला. मी हात पाहिला. तळव्यावर आपल्याच बागेतल्या संत्र्याच्या फोडी होत्या आणि एकीवरही पांढरा धागा नव्हता. तुम्ही जन्मभर संत्रं धाग्यांसकटच खात आलात.

"कोनं सोललं?" मी विचारलं.

"गाईडनं. तुले काहून पंचाईत?"

बर्फात हातमोजे काढून कोणता गाईड धागे वेचत बसतो?

मी चिखलदऱ्यापुढचा डोंगर पाहिलेला नाही. तरी आज तुमच्या सहलीवाल्यांच्या अमरावतीच्या ऑफिसात फोन केला. पुढच्या चढाईला मलाही यायचं, असं सांगणार होते. नितेशभाऊंची बायको बोलते म्हणताच तिथला माणूस हसला.

"वहिनी, पुन्हा येऊन राहिल्या का? या खेपेले गुडघ्याले पट्टा बांधून याजा. मागच्या वेळी उतरताना भाऊंनी तुमाले किती उचललं, थकले बिचारे!"

माझे गुडघे कधी दुखले नाहीत.

"हो, बांधून येते," मी म्हणाले. त्यानं आपल्या दोघांची नावं लिहून घेतली.

रागिणी