मशीनला वाहिलं कुंकू

सोमवार, २ फेब्रुवारी

नातीला, सृष्टीला, शाळेत भाषण करायचंय — अमेरिकेच्या घरांत एकेक सोय कशी आली त्यावर. रोज संध्याकाळी मला वाचून दाखवते. म्हणे तिथल्या बायासुद्धा विहिरीवरनं पाणी आणायच्या, खाचांच्या फळीवर कपडे घासायच्या. धुण्याचा वारही ठरलेला — सोमवार! मी म्हटलं, "मग त्या आपल्या भावकीतल्याच की गं!"

फ्रीज म्हणजे तेव्हा लाकडी कपाट. वर बर्फाची लादी, खाली पाणी गळायला परात. किती बर्फ पाहिजे त्याची पाटी खिडकीत लावायची, बर्फवाला बघून टाकून जायचा. परात ओतायला विसरलं की घरभर तळं! ऐकून मला लई बरं वाटलं. म्हटलं, विसरणारी मी एकटीच नाही!

बुधवार, ४ फेब्रुवारी

सुनेला, विजयमालाला, सुप्याच्या कंपनीत काम लागलं! पॅकिंगचं. येत्या सोमवारपासून, सकाळी सातला फाट्यावर बस. विजयमाला पिठाचेच हात तोंडावर धरून उभी. पण हे — सृष्टीचे आजोबा — टोपी सारखी करत म्हणाले, "आन् धुनं कोन धुनार? तुझे गुडघे तर उठ म्हटलं तर उठत न्हाईत."

"मशीन हाय की."

"त्याच्यावर तर तू माठ ठेवतीस."

खरंय. लेकानं दिवाळीला आणलेलं मशीन मी विणलेला रुमाल घालून झाकून ठेवलंय. माठ काय मस्त बसतो त्याच्यावर!

शेवटी ठरलं — रविवारचं सगळं धुणं मी मशीनवर काढून दाखवायचं. जमलं तर विजयमाला जाईल. नाही तर नाही. एवढं बोलून हे चहा मागून मोकळे!

गुरुवार, ५ फेब्रुवारी

सृष्टीनं बटणं शिकवली. तीनदा विसरले.

शनिवार, ७ फेब्रुवारी

अमेरिकेतल्या जुन्या मशीनला वर दोन लाटणी असायची म्हणे. मध्ये कपडा घालून दांडा फिरवला की पिळून बाहेर! बायांची बोटंपण अडकायची. मी विचारलं, "आन् तिथले बाप्ये काय करत हुते?"

पोरीनं वही पुढून चाळली, मागून चाळली. म्हणाली, "त्यांचं काही लिहिलेलंच न्हाई, आज्जी."

रविवार, ८ फेब्रुवारी

घोळ झाला.

घरात नवं काही आलं की पूजा करायची आपली रीत. ट्रॅक्टरची केली, मोटारसायकलची केली, मशीनचीच राहिली होती. आज एवढी परीक्षा, म्हणून आंघोळ करून झाकण उघडलं. वरनं चिमूटभर लावायचं — पण म्हटलं, काम तर पोट करणार! चांगलं ओंजळभर हळदकुंकू आत वाहिलं. पाया पडले. कपडे टाकले, बटण दाबलं. काय गरगरलं! मी आपली हात जोडून उभी.

बाहेर काढले तर ह्यांची दोन धोतरं, तीन टोप्या — सगळं गुलाबी! शेजारची केशरबाई दोरीकडे बघून ओरडली, "काकासाहेब परत बोहल्यावर चढत्यात काय?" विजयमालापण हसली. मग आत जाऊन रडली. मला ऐकू आलं ना. जवळ गेले तर म्हणाली, "जाऊ द्या आत्याबाई. न्हाई जात मी."

तेवढं ऐकलं आणि तिन्ही टोप्या नेऊन ह्यांच्यापुढं ठेवल्या. म्हटलं, "चूक माझी. मशीनची न्हाई, आन् तिची तर न्हाईच न्हाई." हे टोपी उलटीपालटी करून बघत बसले.

सोमवार, ९ फेब्रुवारी

पहाटे न्हाणीत खुडबुड. बघते तर मशीन चालू, उंबऱ्यापर्यंत फेस, आणि त्या फेसात हे उभे — डोक्यावर गुलाबी टोपी! सगळा पुडा ओतलेला.

"कुंकू तू टाकलंस, पावडर मी. झाली फिट्टंफाट," म्हणाले. "आन् सूनबाईला म्हनावं, आवर, बस जाईल."

गेली ती सातच्या बसनं!

लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली, ह्यांनी धुण्याला हात लावला तो आज. अमेरिकेत ही सोय कधी निघाली, सृष्टीला विचारलं पाहिजे.