दमकांद्याची जागा

१८ सप्टेंबर
वडखळला एसटी बदलली, कोलाडला मिसळ खाल्ली, पुढे हैबतराव जीप घेऊन हजर. रोह्याच्या या डोंगरावर त्यांचा दमकांद्याचा मळा आहे, तो राखायचा. पगार नको म्हटलं, नातीसाठी कांदे द्या. आमच्या मनालीला दम्याने बेजार केलंय. गेल्या साली आमच्या गावचा जनू इथे राखणीला होता, त्याने पाठवलेला एक कांदा उगाळून दिला तर पोर महिनाभर शांत निजली. जनू आता गुजरातेत असतो म्हणे. त्यांच्या बायकोने, हौसावहिनींनी, पायरीवर गरम पाण्याने स्वतः माझे पाय धुतले. पाणी वाफ्यात ओतलं. काय ही माणसं.

२१ सप्टेंबर
शाळा चौथीपर्यंत, पण झाडपाल्याची पुस्तकं पुष्कळ वाचली. दमकांद्याला उत्तरेचा उतार लागतो, सकाळचं धुकं, मुळाशी पाण्याचा निचरा, डोक्यावर अंजनीची विरळ सावली. हे तर अख्ख्या डोंगराला आहे, मग कांदा दोनच वाफ्यांत का? चिमूटभर माती जिभेवर ठेवली. खारट. हैबतराव हसून म्हणाले, काका, तुम्हा खारेपाटच्या मिठागरवाल्यांना सगळीकडे मीठच लागतं.
हवा झकास. पोराला, प्रवीणला फोन केला, पोरीला दसऱ्याला घेऊन ये. वहिनींनी विचारलं, मिठागरातच खेळते ना ती? मी कौतुकाने व्हय म्हटलं.

२५ सप्टेंबर
पाय धुणं रोज चाललंय. संकोच वाटतो. म्हटलं, कांद्याला मीठच हवं तर पोतं आणून टाका. वहिनी म्हणाल्या, टाकलंवतं, सगळे कांदे जळाले. माणसात मुरलेलंच लागतं, काका, ते दुकानात मिळत नाय.
पाण्यात कसलासा भुगा असतो. टाचेच्या भेगा खाजतात.

२७ सप्टेंबर
वाफा माणसाएवढा लांब आहे. आधी लक्षातच आलं नाही. कांदा उकरताना मुळांत तांब्याचं कडं लागलं. जनूचं. ओढलं, तर सुटेना. कड्यात मनगट होतं.

२८ सप्टेंबर
पळायला निघालो, पाय उचलेनात. टाचांच्या भेगांतून पांढरी मुळं आलीत. उपटली की रक्त. फोन मागितला तर चार्जिंगला नेलाय म्हणाले. दुसऱ्या वाफ्यातले कांदे काढून मला त्यात बसवलंय. वही राहू दिली, तेवढाच विरंगुळा म्हणे. हैबतरावांनी शब्द दिला, पहिला कांदा नातीलाच. बरं वाटलं — देवा, बरं वाटलं.

३० सप्टेंबर
गुडघ्यापर्यंत माती. आतून गार. शेजारी तिसरा वाफा खणतायत.
छोटा आहे.

दसरा
जीप. प्रवीण उतरून हैबतरावांशी बोलतोय. मला हाक मारायची, तर घशात पालवी —
मनू धावत येतेय. वहिनी पायरीवर गरम पाणी घेऊन. ये गो बाय, म्हणतायत, दमली असशील —
मनू, चप्पल काढू न