तळघरातलं सार्वभौम राज्य

५ जानेवारी, रविवार
लायब्ररीचा रविवार. हे गेल्यापासून दर महिन्याचा पहिला रविवार मी एकटीच सांभाळते. खाली बेसमेंटमध्ये ह्यांनी जमवलेली आठशे मराठी पुस्तकं, वर पोहे आणि चहा. तीन माणसं आली. मिनेसोटात, आमच्या ईडन प्रेरीत, एवढ्या थंडीत तीन म्हणजे गर्दीच.
त्यातला एक इथल्या मराठी मंडळाचा अध्यक्ष, परीक्षित. पोहे खाता खाता म्हणाला, "काकू, लायब्ररी मंडळाच्या हॉलमध्ये हलवू या का? पार्किंग आहे, जिना नाही. तुमचा त्रास वाचेल."
माझा त्रास! मी तक्रार केली होती का? त्याने पोहे दोनदा घेतले.

१२ जानेवारी
पब्लिक लायब्ररीतून अमेरिकेच्या संविधानावरचं जाड पुस्तक आणलं. सिटिझन होताना प्रश्नोत्तरं पाठ केली होती, समजून काही केलं नव्हतं. आता समजून घेणार. रोज वीस पानं. पहिली दोन प्रकरणं नुसती पार्श्वभूमी दिसली, ती सोडली. मुद्द्याचं आधी.

१३ जानेवारी
सापडलं. दहावी अमेंडमेंट, म्हणजे घटनादुरुस्ती. जे अधिकार केंद्राला दिलेले नाहीत आणि राज्यांना मना केलेले नाहीत, ते राज्यांचे किंवा लोकांचे.
म्हणजे मंडळ हे केंद्र. माझं तळघर हे राज्य. मंडळाला आपण गणपती दिला, दिवाळी दिली. लायब्ररी कुणी कधी दिली?
शिकागोला रुहीला फोन करून सांगितलं. म्हणाली, "आई, इट्स अ बेसमेंट." म्हटलं, लहान असलं म्हणून काय झालं, सिनेटमध्ये मूठभर वस्तीच्या वायोमिंगलाही कॅलिफोर्नियाइतक्याच दोन जागा असतात.
"ओके, वायोमिंग. डिड यू ईट?"
आईशी बोलायची ही पद्धत.

२ फेब्रुवारी, रविवार
दोन माणसं. एक शेजारची इला. दुसरा अमित, पुस्तक परत करायला आला होता. कसं वाटलं विचारलं, तर म्हणे, "छान होतं काकू." छान म्हणजे काय? शेवट पटला का? धाकट्या भावाचं वागणं बरोबर होतं का? नवीन पुस्तक न घेताच निघाला. ह्या थंडीत जॅकेट विसरून गेला.
इला म्हणाली, "अगं पद्मिनी, तू तोंडी परीक्षा घेतेस. पुस्तक वाचून झालं नसेल तर माणूस यायलाच घाबरतो."
काहीतरीच. लोकांना चर्चा हवी असते.
ह्यांच्या वेळी दारात बूट ठेवायला जागा नसायची. अर्थात तेव्हा बर्फ कमी पडायचा.

१६ फेब्रुवारी
परीक्षितला सविस्तर ईमेल. फिलाडेल्फियाला संविधान लिहायला बारा राज्यांनी माणसं पाठवली. तेराव्या ऱ्होड आयलंडने एकही पाठवला नाही. सगळ्यात चिमुकलं राज्य, पण ताठ कणा! शेवटी लिहिलं, आम्हाला ऱ्होड आयलंड समजावे.
उत्तर आलं. एक अंगठा. शब्द नाही, नुसता अंगठा.

२ मार्च, रविवार
एकटी इला. बाकीच्यांच्या मुलांच्या हॉकी मॅचेस असणार. पोहे तिला डब्यात दिले, उरलेले मी तीन वेळा खाल्ले.
पुस्तकात पुढे वाचलं. ऱ्होड आयलंडही शेवटी आलं. बाहेर राहिलात तर परका देश समजून जकात लावू, असं बाकीच्यांनी धमकावलं होतं. दोन मतांनी ठराव पास झाला. परीक्षितला हे कळवायची गरज नाही.

२९ मार्च
उद्या पाडव्याच्या कार्यक्रमात मंडळाची सभा. भाषण तयार. वीस मिनिटं. इलाला बसवून पूर्ण म्हणून दाखवलं. सुप्रीम कोर्टापर्यंत येता येता ती म्हणाली, "एवढं कशाला? सरळ सांग ना, मला रविवारी घर रिकामं नकोय."
तो मुद्दाच नाही. घर रिकामं असायची मला सवय झाली आहे. हा तत्त्वाचा प्रश्न आहे.

३० मार्च, पाडवा
जिंकले.
उठले, चष्मा लावला, "सतराशे सत्त्याऐंशी साली," एवढंच म्हणाले. तेवढ्यात परीक्षित उभा राहिला. "काकू, तुम्हाला वाईट वाटेल असं आम्हाला काही करायचंच नाहीये. लायब्ररी तुमची आणि काकांची. तुमच्याकडेच राहील." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लांब राहणाऱ्यांसाठी हॉलमध्ये दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एक छोटं कपाट ठेवू, म्हणाला. पुढचा विषय पार्किंग. मग श्रीखंड.
कुणी विरोधसुद्धा केला नाही. भाषण पर्समधून परत आलं.
संपूर्ण विजय. मग एवढी चिडचिड कशाने होतेय? बटाट्याची भाजी तेलकट होती.

६ एप्रिल, रविवार
कुणी नाही. बर्फ नाही, मॅच नाही, ऊन स्वच्छ.
दुपारी इला आली. ती "नुसतं बघायला" हॉलवर गेली होती. चाळीस माणसं होती म्हणे. कुणीही या, काहीही न्या. मुलं कपाटाभोवती पळत होती, अमित दोन पुस्तकं घेऊन गेला. मी विचारलं, कुठली? तिने बघितलं नव्हतं.
मग जाड पुस्तकातली ती सोडलेली पहिली प्रकरणं वाचली. संविधानाच्या आधी तेराही राज्यं आपापल्या घरी राजा होती. केंद्राने पैसे मागितले तर द्यायची नाहीत, कुणी कुणाचं ऐकायचं नाही. सगळ्यांचे हक्क शाबूत आणि गाडा ठप्प. म्हणून तर फिलाडेल्फियाला एकत्र बसावं लागलं.
हे मला आधी कळायला हवं होतं. चूक पुस्तकाची आहे. एवढ्या महत्त्वाच्या गोष्टीला पार्श्वभूमी म्हटलं तर कोण वाचेल?

३ मे
परीक्षितला फोन केला. सांगितलं, संघात यायचा विचार करते आहे, पण अटी आहेत. पुस्तकं आठशेच्या आठशे येतील. नियम माझे. वाचल्यावर दोन शब्द बोलायचे.
त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काकू, या ना, नक्की या. फक्त कपाटात जागा दोनशे पुस्तकांचीच आहे."
"आणि नियम?"
"नियम नाहीयेत काकू. तुम्ही नुसत्या येऊन बसा."
नुसतं बसणं मला जमत नाही, म्हटलं.
"मग उद्या खुर्च्या लावायला लवकर याल?"
तोंडातून हो निघून गेलं.

४ मे, रविवार
परीक्षितला कळवलं, ह्या वेळी नाही, जूनपासून येते. आधी पुस्तकं निवडायला हवीत.
सकाळपासून तळघरात दोनशे निवडते आहे. प्रत्येकाला ह्यांनी खाकी कव्हर घातलंय, कोपरे मुडपून, वर शाईने नाव. जेवणापर्यंत अकरा बाजूला काढली होती.
त्यातली सात आता परत ठेवली.