चौथ्या खड्ड्याची ओळ

आदरणीय साडूभाऊंस, धाकट्या साडूचा वाकून नमस्कार.

कुर्र... खट. कुर्र... खट. आपल्या शेडमधल्या क्रेनची साखळी अजून दुपारी आडवं झालं की माझ्या कानात वाजते. गुरू, मग लघू. जणू मास्तर छडीने बाकावर ठेका धरून कविता पाठ करून घेताहेत. तुमचे गुडघे कसे आहेत? मेहुणीबाईंची तब्येत? इकडे आम्ही दोघं बरे आहोत. नऊ वर्षं आपला पत्रव्यवहार बंद आहे, त्याचा मी उल्लेखही करणार नाही. (माझ्या निरोपसमारंभात मी बेचाळीस कडव्यांची कविता वाचत असताना सहाव्या कडव्याला तुम्ही म्हणालात, 'यापेक्षा आपला कचरा बरा, तो निदान पुरता तरी येतो.' तेही मी विसरलो आहे.)

पत्रास तसं काही कारण नाही. प्रकल्पाने मला बोलावलं होतं, एवढंच कळवतो. तिथे आता ज्ञान-जतन कक्ष निघाला आहे. आपण पुरलेला किरणोत्सारी कचरा हजारो वर्षं जागा राहणार आणि तो कुठे पुरला हे जाणणारी माणसं मात्र साठीला घरी जातात, हे वरच्यांच्या ध्यानात आलं. तुमच्या-माझ्या दाढा पडल्यावर का होईना. कक्षाच्या प्रमुख एक तरुण बाई आहेत. मी मनात त्यांना जतनबाई म्हणतो. त्यांनी मला काचेचं कपाट दाखवलं. आत आपल्या काळातल्या संगणकाच्या चकत्या ओळीने मांडलेल्या. त्या वाचणारं यंत्र कुठे, असं विचारलं तर म्हणाल्या, 'काका, ते दूषित निघालं, म्हणून पिंपात घालून पुरलं.' (कुठे पुरलं, ते त्या चकत्यांवर आहे.)

तर बाईंना हवं होतं पाणी शिरलं त्या वर्षाचं. नोंदवह्यांचा लगदा झाला आणि अकरा दिवस आपण दोघांनी पिंपं या खड्ड्यातून त्या खड्ड्यात हलवली, तेव्हाचं. कागद नव्हता म्हणून साखळीच्या ठेक्यावर आपण चार ओळी रचल्या होत्या. मी डोळे मिटून सुरू केलं: एका खड्डी राख निजे, दुसऱ्या खड्डी काच निजे, तिसऱ्या खड्डी गाळ निजे. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ध्वनिमुद्रणाचा लाल दिवा चालू, तीन कारकुनांची पेनं वर उचललेली, आणि चौथी ओळ काही येईना. साडूभाऊ, नऊ वर्षांनी मला श्रोते मिळाले होते. मी म्हणून गेलो, 'चौथा खड्डा रिता असे.' मात्रा चौदाच्या चौदा. कुठून आली, देव जाणे.

ती ओळ तीन समित्यांतून मंजूर झाली. भाषा-समितीने 'रिता'ऐवजी 'रिकामा' सुचवलं, तर मी मात्रांसाठी भांडलो आणि जिंकलो. अर्थासाठी कुणीच भांडलं नाही. आणि चौथा खड्डा रिकामाच आहे म्हटल्यावर त्याच जागी ज्ञान-जतन भवन बांधायचं ठरलं. येत्या सोमवारी पाया खणायला घेताहेत. मी धावत गेलो, म्हटलं, बाई, ती ओळ माझ्या पदरची आहे. बिचारीचा चेहरा पांढरा पडला. वर जाऊन आल्या. मोठे साहेब म्हणाले, मंजूर झालेली माहिती चुकीची कशी असेल? यंत्र लावून मोजा म्हटलं, तर रिकाम्या खड्ड्याच्या मोजणीची तरतूद नाही. दुरुस्ती हवी असेल तर अर्जावर दुसऱ्या जाणकाराची सही आणा, म्हणाले.

असो. तुम्ही प्रकृतीला जपा. मेहुणीबाईंना नमस्कार सांगा.

ता.क. सोमवारच्या आत या. येताना चौथी ओळ घेऊन या. अर्जात जाणकाराच्या हुद्द्याची अट नाही, ओळ पाठ हवी आणि सही हवी. खणायला येणार आहेत ती माणसं कुणाच्या तरी घरची आहेत. मला दुपारची झोप येईनाशी झाली आहे.

ता.क. (दुसरा) ती कविता जरा लांबली होती, हे मान्य. तीस कडव्यांच्या खाली मात्र मी येणार नाही.

ता.क. (तिसरा) पाकीट चिकटवत होतो तोच दार वाजलं. उघडलं तर उंबऱ्यात मेहुणीबाई, एकट्या, हातात पिशवी. तुम्हाला पत्ता लागू न देता पहिल्या गाडीने निघाल्या म्हणे. (या दोघी बहिणी नऊ वर्षं रोज फोनवर बोलताहेत, हे तुम्हाला ठाऊक होतं?) चपला काढता काढताच म्हणाल्या, 'त्यांना काल काय जेवलो ते आठवत नाही, त्यांची कसली वाट बघता? वर्षभर दोघं माझ्या ओट्याशी उभं राहून ते रडगाणं घोकत होतात. चौथ्या खड्डी सर्व निजे. ज्याला कुठे जागा मिळाली नाही ते सगळं तिथे ढकललंत. रिता म्हणे. कुठाय तो अर्ज?'

पत्र इथेच थांबवतो. पेन त्यांनी मागितलं आहे.