थाळीतले केस

प्रिय सन्मती,

तुझा सिनेमा पाहिला. शेजारच्या रिंकूने तिच्या मोठ्या टीव्हीवर लावून दिला आणि 'आपल्या सन्मतीचा पिच्चर' म्हणून आळीतल्या बायका भरदुपारी जमल्या. आपल्या कारंजा गावात तुझं कौतुक चालू आहे, ते ज्यांना करायचं त्यांनी करावं. मी हे पत्र कौतुकासाठी लिहीत नाही. फोन मुद्दाम केला नाही, कारण 'आत्या, मीटिंगमध्ये आहे' म्हणून तू मला मध्येच तोडतेस. कागदाला ते करता येत नाही.

आधी तुझ्या त्या सुरुवातीबद्दल. कॉन्व्हेंटात नन्सनी आम्हाला शिकवलं होतं, की पहिल्या वाक्यात वाचकाला बसायला खुर्ची द्यावी. मीही जन्मभर मुलींना तेच शिकवलं. तुम्ही आजकालची मंडळी बसणाऱ्याची खुर्ची ओढून घेता. पडदाभर अंधार. मोरीतला नळ ठिबकतोय. कॅमेरा मांजरासारखा जमिनीलगत सरकतोय. फोन वाजतो, कोणी उचलत नाही. माडीवर एक लहान मुलगी झोपलेली. ओट्यावर बांगड्या, फुटलेल्या नाहीत, नीट काढून ठेवलेल्या. आणि देवघरापुढे पितळेची थाळी, तिच्यात उपटलेले लांब काळे केस. इतकं दाखवून झालं, की पाटी येते, 'तीन दिवसांपूर्वी'. म्हणजे दारात येऊन बोंब ठोकायची, घर जागं करायचं, आणि मग म्हणायचं, थांबा, आधी चपला काढून येते.

मुंबईत या जागी म्हणे लोकांचा श्वास अडकतो. आमच्याकडे काय झालं ते ऐक. थाळी दिसली तशी माझ्या शेजारी बसलेल्या पानाबाईंनी पदर सावरला, हात जोडले आणि विचारलं, "कोणाची दीक्षा होऊन राह्यली व?" रिंकू म्हणाली, "काकू, खून झाला." तर म्हणतात, "मंग केस कायले थाळीत ठेवले? खून करणारा इतका सोवळ्याचा हाय का?" याचं उत्तर तुझ्या अख्ख्या सिनेमात नाही. मी वाट पाहत होते.

पानाबाईंचं काय चुकलं? दीक्षा घेणारी बाई स्वतःचे केस स्वतःच्या हातांनी उपटते आणि ते खाली पडू नयेत म्हणून घरचे थाळीत, पांढऱ्या कापडात धरून घेतात, हे इथल्या शेंबड्या पोराला ठाऊक आहे. ते केस त्रिशलावहिनीचे, तुझ्या आईचे, हेही कोणाला सांगावं लागलं नाही. सगळ्या टीव्ही सोडून माझ्याकडे पाहू लागल्या.

अगं, वहिनीच्या दीक्षेच्या दिवशी शांतता होती कुठे? तुझ्या बाबांना, जिनदासदादाला, जाऊन फार काळ झाला नव्हता. मंडप, बँड, लाउडस्पीकर, जयजयकार, माझं डोकं उठलं होतं. तू माडीवर झोपलेली नव्हतीस. तू माझ्या मांडीवर होतीस, त्या पांढऱ्या कापडाचं एक टोक तुझ्या मुठीत, आणि केसांची बट पडली की तू वाकून बघायचीस. महाराजांनी विचारलं, घरच्यांची अनुमती आहे का? घरचे सगळे हात जोडून उभे राहिले. मी बसून राहिले. लेकराला सोडून मोक्ष कसला मिळतो, असं मी भर मंडपात विचारलं. थोरल्या काकांनी त्यानंतर माझ्याशी बोलणं टाकलं, ते मरेपर्यंत. मला त्याचं काही वाटलं नाही.

आणि निघताना वहिनी 'येते' म्हणाली नाही. आपल्याकडे कोपऱ्यावर मीठ आणायला जाणारी बाईसुद्धा 'येते' म्हणते. ती 'जाते' म्हणाली, कारण खोटं बोलणार नाही असं व्रत तिने नुकतंच घेतलं होतं. तुझ्या सिनेमातली आई मात्र मुलीच्या कपाळावर हात ठेवते आणि 'येते बरं' म्हणते. तिथे मी उठून पाणी प्यायला गेले. जे ती काळजावर दगड ठेवून बोलली नाही, ते तू एका नटीकडून वदवून घेतलंस.

बरं, शेवटी खुनी कोण? आत्या. निवृत्त, चष्मेवाली, इंग्रजी झाडणारी, बिनदुधाचा चहा पिणारी आत्या. ती चहात विष घालते. परवा रिंकूची सासू घरी आली, तिने मी दिलेला कप आधी नाकाला लावला आणि मग म्हणाली, "आज उपास हाय माहा." अष्टमी नाही, चतुर्दशी नाही, कसला उपास? तुला हसू येत असेल. मलाही नंतर आलं. तुझ्या वेण्या घालून, गृहपाठ घेऊन, तुझ्या गोवराच्या तापात उशाशी बसून मी शेवटी ही पदवी कमावली, तर असो. आत्याला खुनी कर, मी खमकी आहे.

पण तू दिलेल्या त्या मुलाखतीचं काय? 'आई मी लहान असतानाच गेली.' 'गेली.' काय हुशारीने शब्द वापरलास. ती मुलाखत घेणारी बिचारी हळहळली, तिचे डोळे भरले, आणि तू तिला दुरुस्त केलं नाहीस. वर सिनेमाच्या कपाळावर पाटी, 'सत्य घटनेवर आधारित'. जिवंत बाईच्या फोटोला हार घालून तू तिकिटं विकलीस. ती पाटी काढ. विनंती समजू नकोस, मी सांगते आहे.

तुझी आई, म्हणजे आता माताजी, या चातुर्मासात शिरपूरला आहेत. तुला कळवलं होतं, उत्तर आलं नाही. गेल्या आठवड्यात मी एसटीने तिथे गेले, ती तुझी तक्रार करायला. आजवर त्यांनी घरच्या कोणाचं नाव काढलं नाही, आणि त्यांचा नियम मोडू नये म्हणून मीही कधी तुझा विषय काढला नाही. त्या दिवशी मात्र मला राग आवरला नाही. सगळी सुरुवात जशीच्या तशी सांगितली. नळ, फोन, माडीवर झोपलेली मुलगी, थाळी. मोरपिसांची पिच्छी मांडीवर घेऊन त्या ऐकत होत्या. थाळीपाशी मी थांबले आणि म्हटलं, पाहा, लेकीने तुमचं काय करून ठेवलं. मला वाटलं, दुखावतील, किंवा नेहमीसारखं 'कर्म' म्हणून सोडून देतील. पण त्या माझ्याकडे जरा सरकल्या आणि माहेरच्या बोलीत, जी मी त्या मंडपानंतर त्यांच्या तोंडून ऐकली नव्हती, म्हणाल्या, "मंग? ते पोरगी उठली का?"

घर सोडलं, नाव सोडलं, तरी तुझ्या त्या सुरुवातीने त्यांना धरलंच. पुढचं मला ठाऊक होतं, पण मी सांगितलं नाही. म्हटलं, मला शेवट आठवत नाही. मी कुठल्याही व्रतात नाही, मला खोटं चालतं. कार्तिकी पौर्णिमा झाली की त्या पायी निघतील, कुठे ते अजून ठरलेलं नाही. त्याआधी शिरपूरला जा. माझ्याकडे उतरू नकोस, थेट जा, आणि दिवसाउजेडी जा, दिवस मावळला की त्यांचं मौन असतं. समोर बस आणि पुढे काय झालं ते तूच सांग. त्या तुझी वाट पाहताहेत असं मी लिहिणार नाही, त्यांना ते चालत नाही. पण मी उठून दारापर्यंत गेले, चपला घातल्या, मागे वळून पाहिलं, तर त्या अजून तशाच पुढे सरकून बसल्या होत्या.

तुझीच, पूर्णपणे निर्दोष,
साधनाआत्या