तुरीच्या डाळीप्रमाणे राखलेली तिकिटे

नाशिक,
दि. १९ ऑगस्ट १९७९

रा. रा. सावळीरामदादा यांस सविनय जयभीम.

आपला रक्तदाब उतरल्याचे वाचून समाधान वाटले. तो नेमका कितीवर स्थिरावला, हे उलटटपाली कळवावे. चौकशीस कारण आहे. (चांगुणेस आपण 'आशिर्वाद' ऱ्हस्व पाठवलात. आजारपणात पथ्याला सूट मिळते, शुद्धलेखनाला नाही.)

नामपूरच्या घरी भिंतींना ओल येते, म्हणून आपण गतवर्षी आपली टपाल तिकिटांची वही माझ्या स्वाधीन केलीत. त्या वेळी जतन हे कसे शास्त्र आहे, यावर मी आपणांस पाऊण तास ऐकवले होते. ते व्याख्यान कृपया विसरावे.

गेल्या सोमवारी माझ्या स्वतःच्या तिकिटांच्या वहीच्या कोपऱ्यात कसर दिसली. एकतीस वर्षांचा संग्रह! या किड्यांचा बंदोबस्त घरात कोणालाच करता येत नाही काय, असे मी चिमटा उगारून गर्जलो आणि एका सहशिक्षकाच्या निरोप समारंभासाठी हरसूलला निघून गेलो. पावसाने तेथे दोन दिवस अडकलो. इकडे आपल्या भगिनीने, म्हणजे चांगुणेने, माझे बोलणे मनावर घेतले. तिच्या तुरीच्या डाळीला लग्नापासून कधी कीड लागलेली नाही. ती डाळीला एरंडेल चोळते, ऊन दाखवते आणि कडुनिंबाच्या पाल्यासह डब्यात भरते. तेच तिने केले. तिकिटे वहीतून सोडवली (चिमट्याने नव्हे, नखांनी), परातीत घेतली आणि दोन्ही तळव्यांनी चोळली. मी परतलो तेव्हा ती डब्याचे झाकण लावत होती.

"आता दहा वर्षं बघायला नको," ती म्हणाली. "आणि ओरडू नका हं, हात भरून आलेत माझे."

मी झाकण काढून आत पाहिले. तिकिटे आता पारदर्शक आहेत. त्यांतले एक वर्तमानपत्रावर ठेवले असता खालचा मजकूर वाचता आला. (त्यात शुद्धलेखनाच्या तीन चुका निघाल्या.) टीपकागद झाला, पावडर झाली, आता तीही तेलकट आहेत. किडा मात्र एकही उरला नाही, हे न्यायबुद्धीने नमूद करतो. जेवण जाते, पण वरणाकडे पाहवत नाही.

आपला हताश,
धोंडीराम

ता. क. : एरंडेल उतरवण्याचा उपाय ठाऊक असल्यास कळवावा.

ता. क. दुसरा : आपल्या वहीस कसर लागलेली नव्हती. तथापि भावाची वस्तू म्हणून चांगुणेने आधी तीच घेतली, आणि तेलाचा हात दोनदा फिरवला. आपण खूश व्हाल, या खात्रीने ती रोज पोस्टमनची वाट पाहते. कृपया कौतुकाच्या चार ओळी तिला लिहाव्यात. मला ते अद्याप जमलेले नाही.